राहून गेलेले हशे

आमच्याकडे कवळ्या बनतात. हे सांगितलं की समोरचा माणूस आधी माझ्या तोंडाकडे बघतो. माझे दात माझेच आहेत. डॉक्टरांकडून आलेल्या मापांत, म्हणजे जबड्यांच्या ठशांत, मी रोज इतकी तोंडं बघतो की स्वतःच्या तोंडाला जपायची सवय लागली.

शहरातले सात-आठ दातांचे डॉक्टर माप घेतात, ते आमच्याकडे येतं आणि चार दिवसांनी त्या मापाचं हसू डबीत घालून आम्ही परत पाठवतो. जागा म्हणाल तर एक लांबट खोली, तिच्या टोकाला काचेआड मालकांचं टेबल आणि मागे न्हाणीघराएवढी एक खोली, जिथे प्लास्टर कालवतात. माणसं मोजकी. प्लास्टरचे साचे ओततो तो चुनखडी. हे त्याचं आडनाव नाही, संध्याकाळचा रंग आहे. पॉलिशच्या यंत्रावर मावशी. यंत्राचा आवाज मोठा की मावशींचा, यावर आमच्यात दोन तट आहेत. मेणात दात बसवतो तो मौनी. आणि तयार कवळ्या डब्यांत भरून रवाना करतो तो मी. माझं टेबल मौनीच्या टेबलाला लागून आहे, गेली एकोणीस वर्षं.

कामाची पद्धत जुनी होती, पण पद्धत होती. प्रत्येक कामाचा एक ट्रे आणि ट्रेमध्ये एक चिठ्ठी: कोणाचं, कुठला जबडा, किती दात, कोणता रंग, कधी हवं. आपलं काम झालं की चिठ्ठीवर सही करायची आणि ट्रे पुढच्याच्या टेबलावर नेऊन ठेवायचा. ठेवताना थोडा आपटायचा. त्या आपटण्याचा अर्थ असा, की आता तू जाण आणि तुझं नशीब जाणे. ट्रे ज्याच्या टेबलावर, काम त्याच्या गळ्यात. एवढ्या साध्या नियमावर आमचं दुकान चाललं होतं आणि त्याला नियम म्हणतात हेसुद्धा आम्हाला माहीत नव्हतं.

मौनी नऊ वर्षांचा असताना तापात त्याचे कान गेले. बोलता येतं, पण आवाज सपाट निघतो. लहानपणी कोणीतरी त्याला हसलं असावं, कारण बोलायची वेळ आली की तो आधी इकडेतिकडे बघतो आणि मग बहुतेक वेळा बोलतच नाही. ओठ वाचतो, पण आमच्या धंद्यात भुकटी उडते म्हणून सगळ्यांच्या तोंडावर दिवसभर मास्क. म्हणजे ऐकू येणाऱ्यांना ऐकू येतं आणि वाचणाऱ्यासाठी पुस्तक बंद. कामाचं असेल ते चिठ्ठीवर लिहिलेलं असायचंच. बाकीचं कोण लिहीत बसणार? विनोद कागदावर लिहून देईपर्यंत शिळा होतो.

तर व्हायचं असं, की मावशी काहीतरी बोलायच्या, चुनखडी त्यावर काहीतरी टाकायचा, खोलीभर हशा पिकायचा. मौनी मान वर करून माझ्याकडे बघायचा आणि हनुवटी किंचित उचलायचा. म्हणजे, काय झालं? मी मास्क खाली ओढून सांगायचो, "काही नाही." तो मान डोलवायचा आणि पुन्हा मेणाकडे वळायचा. मला वाटायचं, माणूस मुळातच गंभीर आहे. काही माणसं असतात तशी.

मग मालकांची मुलगी आली. आम्ही तिला ताई म्हणतो. मावशी "पोरी" म्हणतात, कारण त्यांनी तिला कडेवर घेतलेलं आहे. ताई बाहेर व्यवस्थापन शिकून आली होती. आल्या आल्या कोणाला काही न सांगता आठवडाभर कोपऱ्यात वही घेऊन बसली. आठवड्याने तिने सांगितलं की मावशी दिवसातून साठ वेळा जागेवरून उठतात, त्यातल्या एकेचाळीस वेळा काहीतरी विचारायला, आणि अशा त्या रोज जवळजवळ तीन किलोमीटर चालतात.

"बघा," मावशी म्हणाल्या, "आणि घरचे म्हणतात, बसून तर काम असतं, पाय कसे दुखतात."

ताईने सगळ्यांच्या फोनवर ग्रुप काढला. नाव ठेवलं 'उत्पादकता'. डॉक्टरांनाही त्यात घेतलं. यापुढे कोणी उठायचं नाही, ओरडायचं नाही, चिठ्ठी लिहायची नाही. कामाची मागणी ग्रुपवर येईल, शंका ग्रुपवर विचारायची, वाचलं की अंगठा दाखवायचा. मालकांनी मान हलवली. मुलीच्या शिक्षणावर विश्वास ठेवायची तेवढी एकच रीत त्यांना माहीत होती. चुनखडीने विचारलं, हात प्लास्टरमध्ये असतील तर अंगठा कुठला दाखवायचा. ताईने ही शंका वहीत लिहून घेतली.

पहिल्या दिवशी ग्रुपवर सकाळची सुप्रभाते, एक सूर्योदय आणि मावशींच्या नातीचा फोटो आला. दुपारी मावशींनी लिहिलं: "माझा चहा कोनी पेला."

दोन मिनिटांनी उत्तर आलं. पूर्णविरामासकट.

"मी पाहिलं आहे. सांगतो. पण काल माझा कोण प्यायलं, ते आधी मावशींनी सांगावं."

पॉलिशचं यंत्र थांबलं. सगळे मौनीकडे बघायला लागले. तो खाली मान घालून एका पटाशीच्या दाताला मेणात उभं करत होता.

तिथून पुढे त्याला खळ राहिला नाही. एकोणीस वर्षं तो आमच्यात बसून सगळं बघत होता आणि ऐकू न येणारा माणूस किती बघतो, याची आम्हाला कल्पना नव्हती. चुनखडी डॉक्टरांशी फोनवर बोलताना पोट आत ओढतो, हे त्याने लिहिलं. मालक मुलीशी वाद घालायचा असला की आधी चष्मा पुसतात, हे लिहिलं. 'उत्पादकता' हे नाव त्याने एका दुपारी बदलून 'दंतकथा' केलं, आणि कोणी विचारायच्या आत खाली लिहिलं: "आधीचं नाव दाढेखाली खड्यासारखं लागत होतं." मावशी इतक्या हसल्या की हातातली कवळी चाकावर जास्त घासली गेली.

चौथ्या दिवशी त्याने मला एकट्याला निरोप पाठवला. आम्ही हातभर अंतरावर बसलो होतो.

"तुझ्या फोनमध्ये माझं नाव काय आहे?"

मी फोन पुढे केला. त्यावर 'मौनी' असं होतं.

"मला वाटायचं, तुम्ही मला मामा म्हणता," त्याने लिहिलं. "चहाच्या वेळी मास्क खाली असतात तेव्हा एवढंच कळायचं, की सुरुवातीला ओठ मिटतात."

मी लिहिलं, बदलतो.

"राहू दे. आता विनोद म्हणून चांगलं आहे."

नंतरच्या सोमवारी त्याने ग्रुपवर एक यादी टाकली. मथळा होता, 'राहून गेलेले हशे'. एकूण चोवीस. गेल्या एकोणीस वर्षांत आम्ही ज्या ज्या वेळी पोट धरून हसलो आणि त्याला "काही नाही" म्हणून सांगितलं, त्यातले जे त्याला चैन पडू देत नव्हते, तेवढे त्याने जुन्या डायरीतून उतरवून काढले होते. प्रत्येकापुढे खुणा. "मालक खुर्चीवरून उठले. सगळ्यांनी त्यांच्या पाठमोऱ्या पँटकडे बघितलं." "मावशी फोनवर बोलत होत्या, मधेच फोनकडे बघत राहिल्या. चुनखडी जमिनीवर बसला." खाली एक ओळ: "ज्याला जे आठवेल त्याने ते सांगावं. घाई नाही."

ती यादी मी त्या दिवशी तीनदा वाचली. चोवीसच्या चोवीस वेळा तो माझ्याकडे बघत होता. शेजारी मीच होतो.

मग काय, सगळे कामाला लागले. कवळ्यांच्या नव्हे. पँटचा हशा लगेच सापडला: मालक स्वच्छतेवर बोलत होते आणि मागे मऊ मेणाची अख्खी पट्टी चिकटली होती. मावशींचाही सापडला: चुकीचा नंबर लागला होता आणि मावशी दहा मिनिटं एका परक्या बाईला तिच्याच सुनेबद्दल सल्ला देत होत्या. सतराव्यापाशी मात्र सगळे अडले. सतरावा त्याच्यावरच होता. त्याने बिस्कीट समजून गुलाबी मेणाचा तुकडा चहात बुडवून खाल्ला होता. त्या दिवशी कोणीच काही लिहिलं नाही. शेवटी मावशींनी लिहिलं: "तुला हसलो होतो रे. मेन खाल्लस चहात बुडवून. चुक झाली आमची."

"ते मला तेव्हाच कळलं होतं," मौनीने उत्तर दिलं. "तुम्ही खरं सांगता का, बघत होतो. सतरावा झाला."

असे तेवीस झाले. नववा तेवढा राहिला. त्याच्या खुणा अशा: "मावशी रजेवर. सकाळभर मालक फोनवर, चेहरा पडलेला. दुपारी चुनखडी फोन ठेवून आला, दोन शब्द बोलला. तिघे दहा मिनिटं हसले."

चुनखडीने लिहिलं, मी दिवसाला हजार शब्द बोलतो, त्यातले दोन कुठून शोधू. मालकांनी निरोप वाचल्याची खूण दिसली, उत्तर आलं नाही. मी लिहिलं, मलाही आठवत नाही.

इकडे ताईचा आलेख पहिल्या आठवड्यात वर गेला आणि तिसऱ्यात जिना उतरायला लागला. मावशी आता रोज जेमतेम अर्धा किलोमीटर चालत होत्या, पण उरलेला वेळ टंकत होत्या. ताई प्रामाणिक मुलगी. तिने आलेख उलटा धरला नाही. ती म्हणाली, बदलाच्या काळात असं होतं.

मग क्लॅरिनेटवाल्या काकांचं प्रकरण झालं.

हे काका शहराच्या बँडमध्ये चौतीस वर्षं क्लॅरिनेट वाजवत होते. शनिवारी संध्याकाळी बागेत त्यांचा निवृत्तीचा कार्यक्रम, त्यात शेवटी त्यांचं एकट्याचं वादन. सोमवारी ते तोंड धूत असताना शिंकले, वरची कवळी भांड्यात आपटली आणि तिचे तीन तुकडे झाले. मंगळवारी डॉक्टरांनी नवीन माप घेतलं आणि ग्रुपवर लिहिलं: "माप तयार आहे, दवाखान्यातून घेऊन जा. शुक्रवारी कवळी हवीच. दातांशिवाय त्यांना फुंकता येत नाही."

पहिला अंगठा मालकांचा आला. मग चुनखडीचा, मावशींचा, ताईचा, मौनीचा आणि माझा. सहा अंगठे. डॉक्टर निश्चिंत झाले.

शुक्रवारी दुपारी त्यांचा फोन आला. माप तीन दिवस त्यांच्याच कपाटात होतं. रबराचं होतं म्हणून वाळलं नव्हतं, एवढंच नशीब.

मालकांनी सगळ्यांना काचेजवळ उभं केलं आणि चष्मा पुसायला घेतला.

"कोण जाणार होतं आणायला?"

"तुमचाच अंगठा पहिला होता," चुनखडी म्हणाला. "आम्हाला वाटलं, तुम्ही कोणाला तरी पाठवलंत."

"अरे, माझा अंगठा म्हणजे हुकूम. कोणीतरी जा, असा."

"हुकमाला नाव लागतं हो मालक," मावशी म्हणाल्या. "चिठ्ठी असती तर कोणाच्या तरी टेबलावर आपटली असती."

हे खरं होतं. चिठ्ठी एक होती तेव्हा ती एकाकडे असायची. निरोप सहाही जणांकडे होता, म्हणून तो कोणाकडेच नव्हता. ताईच्या हे चटकन लक्षात आलं. तिने वही उघडली आणि काही न लिहिता मिटली.

मालक मुलीवर कधी चिडत नाहीत, त्यामुळे ते फोनांवर चिडले. "आजपासून ग्रुप बंद. चिठ्ठी चालू. सगळ्यांचे फोन माझ्या खणात. संध्याकाळी घरी जाताना न्यायचे."

त्या वेळी पॉलिशचं यंत्र चालूच राहिलं होतं. मौनीने मालकांच्या हाताकडे बघितलं, खणाकडे बघितलं आणि त्याला सगळं कळलं. त्याने मास्क खाली केला आणि चार माणसांसमोर, बहुधा पहिल्यांदाच, मोठ्याने विचारलं, "मग मी?"

यंत्राच्या आवाजात ते मालकांना ऐकू गेलं नसावं. मला गेलं. मालक आत वळले होते. मौनी माझ्याकडे बघत होता, हनुवटी उचलून. ते काय म्हणाले, असं.

मी म्हणालो, "काही नाही."

सवय. दुसरं काय म्हणणार?

माप आणलं आणि संध्याकाळपर्यंत चुनखडीने साचा ओतला, वाळवला, मौनीने मेणाचा पाया केला. चिठ्ठी फिरत होती, ट्रे आपटत होते, काम घड्याळासारखं चाललं होतं. खोलीत कोणी हसत नव्हतं, तेव्हा काय झालं म्हणून विचारायचाही प्रश्न नव्हता.

शनिवारी सकाळी नऊला क्लॅरिनेटवाले काका स्वतःच आले. एका हातात वाद्याची पेटी, दुसऱ्यात रुमालात बांधलेले जुन्या कवळीचे तुकडे. उंच, भरघोस पांढऱ्या मिशांचा माणूस. वरचे दात नाहीत आणि मिशा पार खालच्या ओठापर्यंत. म्हणजे ओठ वाचायचा प्रश्नच मिटला. काका मौनीसमोर बसले आणि बोलायला लागले. पाच मिनिटं बोलले. तोटी तोंडात कशी धरतात, वरचे दात तिच्यावर कसे टेकतात, खालचा ओठ कसा मुडपतात, दात जरा पुढे असला तर सूर कसा चिरकतो. दात नसल्याने निम्मे शब्द वाऱ्यावर जात होते, पण आम्हाला कळत होतं. मौनी एकदा त्यांच्या मिशांकडे बघत होता, एकदा आमच्याकडे.

मालकांनी सगळं ऐकलं आणि, एवढं लिहीत कोण बसणार म्हणून, सारांश बोटाने सांगितला: दात जरा आत.

मौनीने मेणात दात जरा आत घेतले. काकांनी ते लावून तोटी तोंडात धरली आणि फुंकली. नुसती हवा आली. काका पुन्हा तीन मिनिटं बोलले. मालकांनी बोटाने सांगितलं: जरा वर. दात वर गेले. काकांनी फुंकलं. या वेळी आवाज आला. फाटक करकरतं तसा.

साडेदहा झाले. बाराच्या आत मेणाचं काम संपून साचा गरम पाण्यात गेला नाही, तर चारला कवळी निघणार नव्हती. काकांनी तोटी पुसली, पेटीत ठेवली आणि म्हणाले, "राहू द्या. मी समोर बसून ऐकेन. चौतीस वर्षांत कधी समोरून ऐकलं नाही."

हे त्यांनी शांतपणे म्हटलं. मावशींनी यंत्र बंद केलं. मौनीने माझ्याकडे बघून हनुवटी उचलली.

माझ्या तोंडात शब्द आले होते. एकोणीस वर्षांचे तयार, दोनच. ते मी गिळले आणि काचेपलीकडे जाऊन मालकांपुढे हात केला.

"खणाची किल्ली द्या."

"कशाला?"

"तो माणूस बोलतोय आणि ज्याला कळायला हवं, त्यालाच आपण सारांश देतोय. तुमच्या बोटाने क्लॅरिनेट वाजणार नाही."

मी मालकांशी असं कधी बोललो नव्हतो. मालकांनी चष्मा काढला, पुसायला घेतला. ताई मागे उभी होती. तिने त्यांच्या खिशातून किल्ली काढून माझ्या हातावर ठेवली.

"बाबा, चष्मा स्वच्छ आहे," ती म्हणाली.

मी मौनीचा फोन त्याच्यापुढे ठेवला, माझा काकांच्या हातात दिला आणि सांगितलं, इथे लिहा, सगळं लिहा, काही गाळू नका. काकांनी एका बोटाने सुरुवात केली. मौनी वाचत होता. वाचून झाल्यावर त्याने लिहिलं: "जुन्या कवळीचे तुकडे दाखवा."

रुमाल सोडला. पुढच्या दोन दातांच्या कडेला बारीक खाच होती, तोटी टेकून टेकून झिजलेली.

"ही कवळी मीच केली होती, अकरा वर्षांपूर्वी," मौनीने लिहिलं. "चिठ्ठीवर फक्त 'वरची, रंग तीन' होतं. वाजवणाऱ्या माणसाची आहे, हे कोणी लिहिलं नव्हतं. तुम्हाला पहिले दिवस त्रास झाला असेल."

"दोन वर्षं झाला," काकांनी लिहिलं. "मग मी दातांना वळण लावलं."

"या वेळी दात वळण लावूनच देतो. वाजवताना डोकं खाली असतं की सरळ?"

अशी प्रश्नोत्तरं सुरू झाली. आम्ही सगळे भोवती उभे. एक माणूस खाली मान घालून टंकत होता, दुसरा वाचून मेणावर पात्याचं टोक चालवत होता, आणि काय चाललंय ते आम्हाला कळत नव्हतं. अचानक मौनीचं पातं थांबलं. त्याचे खांदे हलले. मग तो हसायला लागला. मोठ्याने, फाटक्या आवाजात, इकडेतिकडे न बघता. काका मिशांतून हसत होते.

आम्ही एकमेकांकडे बघितलं. मी मौनीच्या खांद्याला हात लावला, मास्क खाली ओढला आणि विचारलं, "काय झालं?"

मौनीने डोळे पुसले. मला नीट, वरपासून खालपर्यंत बघितलं.

"काही नाही," तो म्हणाला.

आणि पुन्हा मेणाकडे वळला. मिनिटभर आम्हाला तसंच उभं ठेवलं. ते मिनिट चांगलं लांब होतं. मग त्याने न बघता फोन माझ्याकडे सरकवला. त्याने विचारलं होतं, वाजवताना कवळी कधी निसटली आहे का. काकांनी लिहिलं होतं: "एकदा. पहिल्या रांगेत महापौरांच्या मांडीवर पडली. ते दचकून उभे राहिले, म्हणून सगळे उभे राहिले. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात आलं, श्रोत्यांनी उभं राहून दाद दिली."

साडेअकराला काकांनी मेणाचे दात लावून तोटी धरली. एक सूर निघाला, सरळ, गोल. मालक दारात उभे राहून ऐकत होते. साचा पावणेबाराला पाण्यात गेला. चारला मावशींनी कवळीला इतकी चकाकी दिली की काका म्हणाले, उन्हात तोंड मिटून ठेवावं लागेल.

निघण्यापूर्वी मालकांनी निर्णय सांगितला. सोमवारपासून प्रत्येक कामाला चिठ्ठी. चिठ्ठीवर सही. ट्रे आपटायचा. डॉक्टरांचे निरोप ताई घेईल आणि हातानं चिठ्ठीवर उतरवेल.

"आणि ग्रुप?" चुनखडीने विचारलं.

मालकांनी मौनीकडे बघितलं. हात खिशातल्या रुमालाकडे गेला, पण चष्मा त्यांनी काढला नाही.

"ग्रुप राहू दे. पण तिथे कामाचं काही बोलायचं नाही. एक अक्षर नाही. डॉक्टरांना काढून टाका."

ताईने हे वहीत लिहून घेतलं. तिने आणलेलं हे सगळ्यात यशस्वी तंत्रज्ञान, कामासाठी वापरायला तेवढी बंदी होती. मालकांनी स्वतःचा फोन काढला आणि हा निर्णय मौनीला कळावा म्हणून ग्रुपवर एका बोटाने लिहिला. खाली मौनीचा अंगठा आला. मग बाकीचे. या वेळी प्रत्येकाला माहीत होतं, अंगठा कशाला आहे.

संध्याकाळी आम्ही सगळे बागेत गेलो. तिसऱ्या रांगेत ओळीने बसलो. मौनी माझ्या शेजारी, सवयीने. शेवटी काका एकटे उभे राहिले. पिवळा दिवा, हजारभर लोक, आणि एक संथ सूर वर चढायला लागला. मौनी डोळे बारीक करून त्यांच्या पुढच्या दोन दातांकडे बघत होता. मग फोनवर लिहिलं: "कसं वाजतंय? छान आहे म्हणू नकोस."

मी बराच वेळ लिहीत होतो. सुरुवातीला सूर कसा दाराच्या फटीतून आल्यासारखा आला, मग खोलीभर कसा पसरला, पुढे बसलेल्या बाईने पंखा हलवायचा कसा थांबवला, काका एका जागी मुद्दाम थांबले तेव्हा सगळी बाग कशी थांबली. जमेल तसं लिहिलं. तो एकेक ओळ वाचत होता आणि वर बघत होता.

मग मी थांबलो. ग्रुप उघडला आणि लिहिलं:

"नववा. मला आठवत होता. आठ वर्षांपूर्वी मी दोन डब्यांवरची नावं अदलाबदल केली. एका म्हाताऱ्या बाईंची कवळी एका वकिलाला गेली आणि वकिलाची बाईंना. दोन्ही तू केलेल्या. सकाळभर मालक त्यांच्या डॉक्टरांना फोन लावत होते. दुपारी डॉक्टरांचाच आला तो चुनखडीने घेतला आणि बाहेर येऊन म्हणाला, 'बसल्या म्हणे.' दोघंही खूश होते. म्हणून हसलो. तुला सांगितलं नाही, कारण चूक माझी होती आणि तुझ्या कामाचा अपमान होता."

पाचही फोन एकदम उजळले. आधी मावशींना हसू फुटलं, मग चुनखडी पुढच्या खुर्चीच्या पाठीवर कपाळ टेकून हलायला लागला. मालकांनी रुमाल तोंडात घातला. ताईने वहीने चेहरा झाकला. आणि मौनी हसला. कोणाच्या आधी नाही, कोणाच्या मागून नाही. त्या संथ, हळव्या सुरात तिसरी रांग अख्खी हसत होती. पुढचे लोक वळून वळून गप्प बसा म्हणून खुणा करत होते. तेवढ्यात फोनवर मौनीचं उत्तर आलं.

"दोघांनाही बसल्या? मग एकोणीस वर्षं मी मापं कशाला बघतोय?"